फेसबुक माझी माहिती जाहिरातदारांना विकतं का? तिची किंमत किती असते?

तुमचं नाव किंवा नंबर जाहिरातदाराला मिळत नाही. मी पुण्यात छोट्या दुकानदारांच्या जाहिराती लावून देतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूने काय दिसतं ते सांगू शकतो.

देवगडचा हापूस विकणारे एक काका दर सीझनला माझ्याकडे येतात. त्यांची जाहिरात लावताना माझ्यासमोर फक्त रकाने असतात: शहर, वय, आवडीनिवडी. कोथरूड-बाणेर, तिशीच्या पुढचे, असं निवडलं की साधारण किती लोक आहेत तो आकडा येतो. त्यात तुम्हीही असाल, पण मला दिसत नाही. माहिती फेसबुककडेच राहते, विकलं जातं ते तुमच्यापर्यंत पोचणं. तुम्ही ॲप उघडलंत की जाहिरातीच्या त्या एका जागेसाठी लिलाव होतो. त्यात नुसती बोली बघत नाहीत, हा माणूस टॅप करेल का, विकत घेईल का, याचा अंदाजही धरतात. तो अंदाज जितका नेमका, तितके आमचे पैसे कमी वाया जातात. माहितीचं मोल आहे ते इथे.

म्हणूनच प्रोफाइलमध्ये तुम्ही स्वतः काय भरलंय याला तितकी किंमत नाही. कुठल्या व्हिडिओवर थांबलात, दुसऱ्या साइटवर काय कार्टमध्ये टाकून सोडून दिलंत, याला आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये ॲपलने आयफोनवर नियम केला की असा माग काढण्याआधी प्रत्येक ॲपने परवानगी विचारायची. बऱ्याच लोकांनी 'नको' म्हटलं. पुढच्या फेब्रुवारीत फेसबुकची मालक कंपनी मेटाने सांगितलं की या बदलामुळे 2022 मध्ये सुमारे 10 अब्ज डॉलरचा फटका बसेल. दुसऱ्या दिवशी त्यांचा शेअर 26 टक्के पडला.

आता माणशी किती? ऑक्टोबर ते डिसेंबर 2023 या तिमाहीत फेसबुकने अमेरिका-कॅनडात एका वापरकर्त्यामागे सरासरी 68.44 डॉलर कमावले, आशिया-पॅसिफिकमध्ये 5.52. म्हणजे तिकडे साडेपाच हजार रुपयांच्या वर आणि आपल्या भागात साडेचारशेच्या आसपास. ॲप तेच, लाइकही तेच. पण तिकडे एका ग्राहकामागे विक्री मोठी होते, म्हणून बोली वर जाते. आपली माहिती स्वस्त आहे असं त्यावरून समजू नका. घर किंवा गाडी शोधत असाल त्या महिन्यात तुमच्यासाठी बोली लावायला कितीतरी जण तयार असतात.

मला खरी काळजी वाटते ती आपण दुकानात देतो त्या नंबरांची. एका कापड दुकानदाराने मला बिलिंगच्या कॉम्प्युटरमधली ग्राहकांची यादी दिली, हजारो मोबाइल नंबर. म्हणाले, "यांनाच जाहिरात दाखव, आणि यांच्यासारखे अजून शोधून दे." दोन्ही गोष्टी होतात. यादी अपलोड करताना नंबरांचे सांकेतिक कोड बनतात आणि ते फेसबुककडच्या खात्यांशी जुळवले जातात. मी विचारलं, लोकांची परवानगी घेतलीय का? "बिल करताना नंबर दिला म्हणजे दिलाच की." मी ती यादी चढवली नाही. ते दुसऱ्याकडे गेले.

तुम्ही एक नक्की करा. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर उघडा आणि तुमच्या माहितीच्या भागात जा. बाहेरच्या कुठल्या ॲप्सनी, साइट्सनी तुमची माहिती पाठवली त्याची यादी तिथे मिळते. आईच्या फोनवर ती उघडली तर वर एका पॅथॉलॉजी लॅबचं नाव होतं. ती म्हणाली, "अरे, मी तर फक्त रिपोर्ट बघितला होता." ती यादी पुसता येते आणि पुढची जोडणी तोडताही येते. आईची मी तिथल्या तिथे तोडली.