तालुक्यातून नागपूरला, मानसशास्त्रासाठी

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील महाविद्यालयात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नागपूरला जाऊन मानसशास्त्राची पदवी घेतल्यास ही दोन वर्षे वाया जातील का?

उत्तर : कर्जाने खचलेल्या आपल्या गावांना समुपदेशकांची फार गरज आहे, म्हणून तुमचा विचार मनापासून आवडला. वर्षे सरसकट वाया जात नाहीत. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक (क्रेडिट) लागतात. त्यांपैकी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, जमा झालेले किती ग्राह्य धरायचे, हे नवे विद्यापीठ अभ्यासक्रम ताडून ठरवते, आणि मानसशास्त्र आजवर घेतलेच नसेल तर त्या विषयाचे मागील वर्षांचे पेपर द्यावे लागू शकतात. तुमचा यवतमाळ जिल्हा अमरावती विद्यापीठात येतो, नागपूरचे विद्यापीठ वेगळे; त्यामुळे स्थलांतर प्रमाणपत्र (मायग्रेशन सर्टिफिकेट) लागेल. प्राचार्यांचा शिक्का असलेली अभ्यासक्रमाची प्रत आताच मागून घ्या. महाविद्यालय सोडल्याचा दाखला मात्र, नागपूरहून लेखी होकार हाती येईपर्यंत काढू नका.