मोहरावरची उचल

देवगड, २९ मे

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गोल्फचा खर्च उचलायला निघालेल्या लोकांच्या कराराचा कागद, तुझ्या वडिलांनी धाडलेला, काल संध्याकाळी पोचला. चौदा पानं आहेत. काल ओटीवर बसून दोनदा वाचली, आज पहाटे परत एकदा. शेवटच्या पानावर साक्षीदाराच्या जागी तू पेन्सिलीनं माझं नाव लिहून ठेवलंयस. ते बघून उर भरून आला आणि पोटात कालवलंही. मुंबईत ३१ वर्षं गोल्फ खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहिल्या, चेंडू शोधले, पुढं कॅडी मास्टर, म्हणजे बॅगा वाहणाऱ्या कॅडींचा मुकादम झालो, पण माझ्या सहीला कुणी इतकी किंमत दिली नव्हती.

सहीचं नंतर बोलतो. आधी तुझी एक जुनी बाकी फेडायची आहे.

१४ एप्रिल २०२५ ची पहाट आठव. अमेरिकेत ऑगस्टा नॅशनलवर, मास्टर्स स्पर्धेच्या मैदानावर, अजून रविवारची संध्याकाळ होती. आपण ओटीवर, तुझा मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि बागेत निघालेले गडी खांद्यावर आंबे काढायची घळ घेऊन खळ्यातच थांबलेले. रॉरी मॅकिलरॉयचा अठराव्या होलवरचा जेमतेम पाच फुटांचा पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका, चुकला तेव्हा तू डोक्याला हात लावलास. मग बरोबरी झाली म्हणून जस्टिन रोजबरोबर प्ले-ऑफ, परत तोच अठरावा होल. या वेळी चेंडू भोकाच्या जवळ येऊन थांबला, पट पडला, आणि तो माणूस गुडघ्यांवर कोसळून रडला. मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि द ओपन या चारही मेजर जिंकणारा तो जगातला सहावा. बाकीच्या तीन त्यानं २०१४ पर्यंतच जिंकल्या होत्या, या एकीनं त्याला ११ वर्षं झुलवलं. गड्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी त्यांचेही डोळे भरले. तेव्हा तू विचारलंस, "काका, ह्येका मेळाले किती?"

मी उठून चहा टाकायला गेलो.

४२ लाख डॉलर मिळाले, बाबू. तेव्हाच्या दरानं ३६ कोटी रुपयांच्या आसपास. हे मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी गप्प राहिलो म्हणून तुला वाटलं असेल, आपण काहीतरी हलकं विचारलं. तसं मुळीच नाही. पैशाचं विचारायला लाजायचं, ही सवय ज्यांना पैशाची ददात नव्हती त्यांनी आपल्यासारख्यांना लावली.

खेळाच्या जन्मापासून ते तसंच चालत आलं आहे. पहिली ओपन १८६० साली स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविकला झाली. खेळायला आठ जण, सगळे धंदेवाईक, म्हणजे कुणी ग्रीन, भोकाभोवतालचं गवत, राखणारा, कुणी चेंडू बनवणारा, कुणी साहेबांच्या बॅगा वाहणारा. बारा होलच्या मैदानाच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात. जिंकलेल्या विली पार्कला लाल चामड्याचा पट्टा मिळाला, रोख रक्कम शून्य. जिंकणाऱ्याच्या हातात पैसे पडायला १८६४ साल उजाडलं, आणि तेही सहा पौंड. पैशाला न शिवणारा खेळाडू तो सभ्य गृहस्थ आणि खेळून पोट भरणारा तो नोकर, ही विभागणी पुढं कितीतरी वर्षं टिकली. १९२० साली वॉल्टर हेगन हा अमेरिकेचा नावाजलेला खेळाडू ओपनसाठी इंग्लंडात डील गावी गेला. तिथं धंदेवाईकांना क्लबहाउसात पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्यानं मोठी मोटार भाड्यानं घेतली, क्लबहाउसाच्या दारासमोर उभी केली आणि तीच आपली कपडे बदलायची खोली केली. त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडोच्या इनव्हर्नेस क्लबनं यूएस ओपनच्या वेळी धंदेवाईकांना दार उघडलं. खेळाडूंनी आपापसात वर्गणी काढून क्लबाला एक उंच उभं घड्याळ भेट दिलं. नुसतं आत येऊ दिलं म्हणून घड्याळ! हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा मी रात्रभर जागा होतो. आम्हीही पत्र्याच्या शेडमध्ये बसायचो, मागच्या फाटकानं जायचो, साहेबांच्या नळाला तोंड लावायची सोय नव्हती. पैसा आला, टीव्ही आला, जाहिराती आल्या, तेव्हा खेळून पोट भरणाऱ्याला खुर्ची मिळाली. म्हणून कुणी तुला खेळात पैसा आला नि खेळ नासला असं सांगायला लागलं, तर त्यानं कधी शेडमध्ये बसून जेवण केलं आहे का ते विचार.

तेव्हा तुझ्या कागदातला पैसा मला खुपत नाही. तो कधी मिळणार, ते मला खुपतं.

तुझ्या आजोबांना विचार, माझ्या वडिलांची साठ कलमं होती. ताईचं लग्न ठरलं त्या वर्षी डिसेंबरात मोहर असा फुटला की पान दिसेना. त्या मोहरावर वडिलांनी मुंबईच्या दलालाकडून उचल घेतली. लग्न झोकात झालं. मार्चमध्ये बाजारात भाव चढला, शेजारच्यानं आपल्या पेट्या दोन ठिकाणी विचारून चढ्या दरानं विकल्या. आमच्या पेट्या मात्र त्या एकाच गाळ्यावर जायच्या, तसा शब्द होता. मग हिशेबाची पट्टी यायची. दलाली वजा, हमाली वजा, तोलाई वजा, उचलीपोटी वजा, आणि डागी म्हणून इतक्या पेट्या बाद. डागी होत्या की नव्हत्या ते देवगडात बसून कोण बघणार? दलाल वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही, लग्नाला आला होता, ताईला साडी दिली होती. पण त्यानंतर सात वर्षं आमच्या बागेचा मालक कोण, ते मला नीट सांगता आलं नसतं. वडील फवारणीलासुद्धा त्याला विचारायचे.

आता तुझा कागद बघ. पाच वर्षं सगळा खर्च आणि महिना ४०,००० रुपये ते लोक देणार. बदल्यात दहा वर्षं बक्षिसातला अर्धा वाटा, जाहिरातीचे सगळे हक्क, आणि नवव्या पानावर, कुठली स्पर्धा खेळायची नि कुठली सोडायची हे ते ठरवणार. तू वीस वर्षांचा आहेस. हा मोहर आहे.

जगात अगदी वरच्या पातळीवर हेच झालं. जून २०२२ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या पैशावर लिव्ह गोल्फ ही नवी स्पर्धामालिका सुरू झाली. तेव्हा ४८ खेळाडू, तीन फेऱ्या, आणि कट, म्हणजे अर्ध्यावर बाद होणं, नाही. शेवटच्या नंबरावर आला तरी १ लाख २० हजार डॉलर. शिवाय नुसतं येण्यासाठी मोठ्या नावांना आधीच मोजलेली रक्कम वेगळी, कोट्यवधी डॉलरची. टीकाकार म्हणाले, सौदीला खेळाच्या पाण्यानं आपली प्रतिमा धुवायची आहे. अमेरिकेतल्या मुख्य धंदेवाईक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरनं तिकडं जाणाऱ्यांना निलंबित केलं, वर्षभर तत्त्वाची भाषा केली, आणि ६ जून २०२३ ला त्याच निधीबरोबर समझोत्याची घोषणा केली. त्या भाषेवर विसंबून ज्यांनी मोठ्या रकमा नाकारल्या होत्या, त्यांच्या मनाला काय वाटलं असेल, ते मला अजून अस्वस्थ करतं. साहेबांच्या भांडणात कॅडीनं कुणाची बाजू घ्यायची नसते, हे मी शेडमध्ये शिकलो, पण या वेळी मला खरंच राग आला.

आता टॅलर गूच या खेळाडूचं ऐक, कारण नववं पान वाचताना मला तोच आठवत होता. २०२३ साली त्यानं लिव्हच्या तीन स्पर्धा जिंकल्या, वर्षाचं विजेतेपद मिळवलं, त्याचेच १ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ऑगस्टाला मास्टर्स सुरू झालं तेव्हा त्याला बोलावणंच नव्हतं. मेजरमध्ये शिरायचा एक मोठा रस्ता जागतिक क्रमवारीतून जातो, आणि क्रमवारीवाल्यांनी लिव्हचा अर्ज ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारला होता. तिथं कितीही जिंकलं तरी खात्यात गुण जमा होईनात. पैसे मिळाले, पण पेट्या एकाच गाळ्यावर.

उलटंही घडलं आहे. ब्रूक्स केप्कानं लिव्हमध्ये असताना २०२३ ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकली. ब्रायसन डिशँबोनं २०२४ ची यूएस ओपन जिंकली, शेवटच्या होलवर लांबच्या बंकरमधून, वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू असा काढला की मी जागच्या जागी उभा राहिलो. म्हणजे पैशानं हात आखडतोच असं नाही. पण ते दोघं आधीच मेजर जिंकून बसले होते, त्यांना दार उघडं होतं. आपला अनिर्बान लाहिरी, पुण्यात जन्मलेला, २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पाचव्या क्रमांकावर बरोबरीत आला. तोही २०२२ मध्ये लिव्हला गेला. मी त्याला नावं ठेवणार नाही. पस्तिशीचा, घरदार असलेला माणूस, तोवर जगभर खेळून झालेला. त्याचा आंबा तयार होता, त्यानं भाव ठरवला.

तुझा अजून ठरायचा आहे, आणि तो ठरवायची एकच जागा मला माहीत आहे, ती म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ. ओपनला १५६ जण गुरुवारी शून्यावर सुरू करतात. शुक्रवारी दोन फेऱ्या संपल्या की पहिले ७० आणि त्यांच्या बरोबरीचे राहतात, बाकीचे बॅग आवरतात. नाव कितीही मोठं असो. भारतातल्या टूरवरही, म्हणजे इथल्या धंदेवाईक स्पर्धांतही, कट चुकला की बक्षिसाच्या यादीत नाव नाही, आणि हॉटेलचं बिल मात्र भरायचं असतं. तुझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांत असे शुक्रवार पुष्कळ येतील. त्यांचा खर्च तुझ्याच खिशातून गेला पाहिजे, निदान थोडा तरी. माझ्या डोळ्यांसमोर दोन चांगली पोरं अशी वाया गेली की त्यांचा खर्च दुसराच करत होता, त्यामुळे कट चुकल्याच्या रात्रीनं त्यांना कधी जागवलंच नाही.

पैसे आणायचे कुठून, हा तुझा पुढचा प्रश्न. बरोबर आहे. एस. एस. पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीन राखायचे. बघून बघून, स्वतःच शिकत तो मोठा झाला, आणि २००८ साली दिल्लीत युरोपियन टूरची इंडियन मास्टर्स जिंकला. त्याआधी दिल्लीचाच अली शेर, कॅडीचं काम केलेला, १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय धंदेवाईक खेळाडू ठरला. अदिती अशोकची बॅग रिओ ऑलिंपिकला वडिलांनी वाहिली, टोकियोला आईनं, आणि ती तिथं चौथी आली. ही माणसं पैशाशिवाय खेळली असं नाही, त्यांनाही मदत लागली. पण स्वतःच्या घरचं कुणी ना कुणी बॅगेला हात लावून उभं होतं.

म्हणून मला सुचतं ते असं. या लोकांना नाही म्हणू नकोस. त्यांना सांग, एका वर्षाचा करार करा. खर्च तुम्ही करा, त्याची रक्कम रुपयांत लिहा, आणि बक्षिसातून ती दीडपटीनं फिटली की हिशेब मिटला. टी-शर्टावर, टोपीवर तुमचं नाव लावतो. स्पर्धा मी निवडणार. यावर ते उठून गेले तर समजून घे की त्यांना तुझ्या खेळात रस नव्हता. खारघरच्या मैदानावर सकाळी दोन तास नवशिक्यांना शिकवायचं काम तुला मिळेल, त्यात महिन्याचा खर्च निघतो. टूरवर शिरायच्या क्वालिफाइंगची, म्हणजे पात्रता स्पर्धेची, फी मी भरतो. ही उचल नव्हे, ताईच्या मुलाला दिली तशी तुला देतोय.

आता सही. १९६८ च्या मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विचेन्झोचा ४५ वा वाढदिवस होता. तो दिवसभर देवासारखा खेळला. सतराव्या होलवर त्यानं तीन फटके घेतले, हजारोंनी डोळ्यांनी पाहिले. बरोबरच्या खेळाडूनं त्याच्या फटक्यांच्या कार्डावर चुकून चार लिहिले. रॉबर्टोनं कार्ड न तपासता सही केली. खेळाचा नियम असा की जास्त आकड्यावर सही झाली की तोच आकडा धरायचा. एका फटक्यानं प्ले-ऑफ हुकला, मास्टर्स बॉब गोलबीला मिळालं. रॉबर्टोनं कुणाला दोष दिला नाही, स्वतःलाच मूर्ख म्हणाला. ओपनचा विजेता होता तो, आदल्याच वर्षीचा. खेळात कुठंही कमी पडला नव्हता.

तेव्हा तुझ्या कागदावर मी आज सही करत नाही. पेन्सिलीनं लिहिलेलं माझं नाव तसंच ठेवलंय, खोडलेलं नाही. कणकवलीला माझा भाचा वकिली करतो, सोमवारी त्याच्याकडे जाऊ. सकाळी सातची एसटी आहे, तू रविवारी रात्रीच आमच्याकडे मुक्कामाला ये. नवव्या आणि बाराव्या पानावर मी शाईनं खुणा केल्यात, त्या आधी वाचून ये आणि तुला काय कळलं ते मला तोंडी सांग, मी मध्ये बोलणार नाही.

काकीनं आढीतले शेवटचे चार डझन तुझ्यासाठी बाजूला काढलेत. मिरगाचा पाऊस लागला की त्यांची चव जाईल. आणि येताना पटर, तुझी पट मारायची काठी, आण, खळं कालच सारवलंय, वाळलं असेल.

तुझा,
काका