क्लोजरमध्ये अडलं की सीनियर म्हणतो "माझ्याकडे तर चालतंय". मग मदत मागायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आजवर जावा केलं, आता नव्या टीममध्ये क्लोजर ही भाषा आहे. काही अडलं की तुम्ही सीनियरला फाईल पाठवता, तो ती चालवून बघतो आणि "माझ्याकडे तर चालतंय" म्हणून मोकळा होतो. वर कुणीतरी सांगितलंय की इमॅक्स हा एडिटर आल्याशिवाय क्लोजर येत नाही.

इमॅक्सचं आधी निकालात काढू. गरज नाही. जावावाले आहात म्हणजे इंटेलिजे हाताखालचं असणार. त्यात कर्सिव्ह हे क्लोजरचं प्लगिन टाका. व्हीएस कोड आवडत असेल तर काल्व्हा. इमॅक्समधलं सायडर उत्तमच आहे, मी स्वतः तेच वापरतो, पण नवी भाषा आणि नवा एडिटर एकाच महिन्यात शिकायला घेणं म्हणजे हौसेने दुखणं ओढवून घेणं. कंसांची भीती वाटत असेल तर जो एडिटर घ्याल त्यातलं पॅरेडिट (कंस जुळलेले ठेवणारी सोय) चालू ठेवा आणि त्यातल्या दोनच गोष्टी आधी शिका: शेजारचा फॉर्म (कोडचा एक पूर्ण तुकडा) कंसाच्या आत ओढून घेणं आणि आतला बाहेर ढकलणं. कंस मोजायचे नसतात, अख्खे फॉर्म हलवायचे असतात.

आता मूळ दुखणं. तुमचा सीनियर खोटं बोलत नाहीये आणि तुम्हीही नाही. जावात आपण कंपाइल करतो, प्रोसेस नव्याने चालू करतो, त्यामुळे फाईलमध्ये आहे तेच चालतं. क्लोजरमध्ये रेपल (कोड भरवला की लगेच चालवून उत्तर दाखवणारा प्रॉम्प्ट) सकाळी चालू होतो तो संध्याकाळपर्यंत तसाच असतो, आणि आपण त्याला एकेक फॉर्म भरवत राहतो. म्हणजे तुमचा प्रोग्राम दोन ठिकाणी असतो: एक फाईलमध्ये, एक त्या जिवंत प्रोसेसमध्ये. दुपारपर्यंत दोघांची फारकत झालेली असते. तुम्ही पाठवता फाईल, आणि बिघाड असतो प्रोसेसमध्ये.

याचं सगळ्यात छळवादी उदाहरण म्हणजे डेफमल्टी, मल्टिमेथड बनवणारी आज्ञा. समजा ऑर्डरच्या प्रकारानुसार काम करणारी मल्टिमेथड आहे. तिचं डिस्पॅच फंक्शन (प्रकार कुठला ते ठरवणारं) तुम्ही बदललंत, फाईल सेव्ह केली, पुन्हा लोड केली. वागणं जुनंच! कारण त्या नावाची मल्टिमेथड आधीपासून असेल तर डेफमल्टी काहीच करत नाही, गुपचूप पुढे जातं. ना एरर, ना वॉर्निंग. सीनियरकडे प्रोसेस ताजी, त्यामुळे नवं डिस्पॅच लागू होतं आणि त्याच्याकडे "चालतं". उपाय सोपा आहे: त्या नावाला आधी निल द्या किंवा एनएस-अनमॅपने ते नाव काढून टाका, मग डेफमल्टी पुन्हा चालवा.

दुसरं डेफरेकॉर्डचं, म्हणजे ठराविक फील्डांचा डेटा-प्रकार बनवणाऱ्या आज्ञेचं. रेकॉर्डची व्याख्या पुन्हा इव्हॅल्युएट केली की त्याच नावाचा नवा जावा क्लास तयार होतो, पण ॲटममध्ये (बदलती किंमत ठेवायच्या डब्यात) आधीच भरून ठेवलेली ऑब्जेक्ट्स जुन्याच क्लासची राहतात. मग एरर येते की ऑर्डर क्लासचं ऑर्डर क्लासमध्ये कास्ट होत नाही. पहिल्यांदा बघणारा माणूस चक्रावतोच. ती ओळ नीट शेवटपर्यंत वाचा. नव्या जावावर पुढे क्लासलोडरचं नाव येतं, त्यानंतर ॲट-चिन्ह आणि एक हेक्स आकडा. दोन्हीकडचे आकडे वेगळे दिसले की प्रश्न संपला: नाव एक, क्लास दोन.

उलटंही होतं: तुमच्याकडे चालतं, दुसऱ्याकडे नाही. फंक्शनचं नाव बदललं, एका जागी जुनंच नाव राहिलं. तुमच्या प्रोसेसमध्ये जुनं फंक्शन अजून जिवंत आहे, म्हणून सगळं सुरळीत. सहकाऱ्याकडे मात्र "अनएबल टू रिझॉल्व्ह सिंबल", म्हणजे हे नाव सापडत नाही. इथे क्लजे-कोंडो हा मिशिल बोर्केंट यांनी लिहिलेला लिंटर (कोड न चालवता चुका दाखवणारं टूल) फार कामाचा, कारण तो रेपलकडे ढुंकूनही बघत नाही, फक्त फाईल वाचतो. रेपल खुश आणि कोंडो लाल रेघ मारतोय, असं दिसलं की बहुतेक वेळा कोंडोचं ऐकावं. (मॅक्रोने, म्हणजे कोड लिहिणाऱ्या कोडने, तयार केलेली नावं त्याला कळत नाहीत, तेवढी सूट द्या.)

म्हणून कुणाला विचारण्याआधी रेपल बंद करून नव्याने चालू करा आणि फाईल मुळापासून लोड करा. टूल्स-डॉट-नेमस्पेस या लायब्ररीतलं रिफ्रेशही चालेल, ते नेमस्पेस (नावांचे कप्पे) उतरवून योग्य क्रमाने परत चढवतं. फक्त डेफवन्सने (एकदाच किंमत देणाऱ्या आज्ञेने) जपलेली स्टेटही त्यात जाते, हे ध्यानात ठेवा.

ताज्या प्रोसेसमध्येही बिघाड दिसला, तर मग विचारा. पण फाईल पाठवू नका, फॉर्म पाठवा. क्लोजरचा डेटा जसा छापला जातो तसाच बहुतांशी परत वाचताही येतो, आणि ही सोय आपल्याकडे आहे तर वापरायची. दोन-तीन ऑर्डरींचा मॅप (नाव-किंमत जोड्यांचा डेटा), त्यावर एक फंक्शन कॉल, काय यायला हवं होतं, काय आलं. समोरच्याने ते उचलून स्वतःच्या रेपलमध्ये टाकलं की तोच बिघाड दिसला पाहिजे. सोबत क्लोजरचं आणि लायब्ररीचं व्हर्जन. खऱ्या ग्राहकांची नावं-नंबर तेवढे काढून टाका, घाईत लोक ते विसरतात.

एररचा स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या. २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या क्लोजर १.१० पासून एरर कुठल्या टप्प्यावर आली ते पहिल्याच ओळीत कळतं: वाचताना, मॅक्रो उलगडताना, कंपाइल होताना की चालताना. मदत करणारा आधी तेच बघतो. आणि "लाँगचं आयएफएनमध्ये कास्ट होत नाही" असं आलं (आयएफएन म्हणजे फंक्शन) तर विचारायचीही गरज नाही, कुठेतरी ((+ १ २)) असा जास्तीचा कंस पडलाय. बाहेरचा कंस म्हणतो "३ ला फंक्शन म्हणून बोलवा", आणि ३ काही येत नाही.

एक सापळा असा आहे की त्याला जुन्या प्रोसेसचाही दोष देता येत नाही. मॅप या फंक्शनच्या आत (ते यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर काम करतं) प्रिंटलाइन लिहून रेपलवर चालवलं तर सगळं छापलं जातं. तेच फंक्शनच्या मधोमध लिहिलं तर शुकशुकाट. मॅप आळशी आहे, निकाल कुणी मागितल्याशिवाय हलत नाही, आणि रेपलवर तो निकाल छापण्यासाठी रेपलच मागत असतो. छापणं, डेटाबेसमध्ये लिहिणं असल्या कामांना डूसेक वापरा. "स्ट्रीम क्लोज्ड" ही एररही याच आळसाची: ओळी प्रत्यक्ष वाचायची वेळ येईपर्यंत विथ-ओपनने फाईल बंद केलेली असते.

एवढं करूनही गाडं अडलं तर सीनियरला फाईल न देता तुमच्या प्रोसेसमध्येच घ्या. एनरेपल सर्व्हरला (एडिटर ज्यातून रेपलशी बोलतो) एकाच वेळी दोन एडिटर जोडता येतात. पोर्टचा नंबर प्रोजेक्टमधल्या डॉट-एनरेपल-पोर्ट फाईलमध्ये असतो. तो पोर्ट उघड्या नेटवर्कवर मात्र टाकू नका, तिथे पोचलेला कुणीही तुमच्या मशीनवर वाटेल ते चालवू शकतो. एसएसएच टनेलमधून द्या. मग त्याला तुमच्या नेमस्पेसवर एनएस-इंटर्न्स (त्यातल्या नावांची यादी देणारं फंक्शन) चालवायला सांगा. फाईलमध्ये नसलेली नावं त्या यादीत निघाली, तर बिघाड तिथूनच शोधायला घ्या.