मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी आणि लुळी पडली उजवी बाजू, मग रिपोर्ट चुकलाय का?

नाही, रिपोर्ट बरोबर आहे. तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांना झटका आला, उजवा हात-पाय हलत नाही, तोंड वाकडं झालंय, बोलणं बंद आहे आणि एमआरआयमध्ये मात्र गुठळी डावीकडे दाखवतायत, त्यामुळे दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट हातात दिला की काय अशी शंका घरात सगळ्यांना आलीय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पॅरालिसिसचे पेशंट रोजचेच, आणि ही शंका जवळपास प्रत्येक घरात निघते.

हात-पाय हलवायचा हुकूम निघतो मोठ्या मेंदूच्या वरच्या थरातून, पोरी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हेअरबँड लावतात ना, साधारण त्या पट्ट्यातून. तिथून तंतू खाली उतरतात, मेंदूच्या आत खोलवर एका अरुंद जागेतून दाटीवाटीने जातात आणि मग मानेच्या जरा वर, मेड्युला म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं मस्तिष्कपुच्छ, त्याच्या खालच्या टोकाला शंभरातले 85-90 तंतू चक्क बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. तिथून पुढे मेरुरज्जूतून खाली, मेरुरज्जूतल्या पेशीला निरोप, आणि त्या पेशीचा धागा थेट स्नायूत. म्हणजे गुठळी या क्रॉसिंगच्या वर असली की विरुद्ध बाजू जाणार, बास. डोक्याला एका बाजूला जखम झाली की आकडी दुसऱ्या बाजूला येते हे प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या काळापासून माहीत होतं, पण तंतू नेमके कुठे ओलांडतात हे 1709-10 च्या सुमारास मिस्टिकेली नावाचा इटालियन आणि पुर्फूर द्यू पती नावाचा फ्रेंच डॉक्टर यांनी दाखवलं.

ती अरुंद जागा म्हटलं ना, तिथे दीड सेंटिमीटरपेक्षा लहान डाग पडला तरी चेहरा, हात, पाय सगळं एकदम जाऊ शकतं. नातेवाईक म्हणतात एवढासा तर ठिपका आहे आणि माणूस आडवा कसा झाला, तर म्हणून. उलट वरच्या थरातलं नुकसान पसरलेलं दिसतं पण त्यात पायापेक्षा हात आणि चेहरा जास्त जातो, कारण पायाचा भाग मेंदूच्या मधल्या भिंतीवर आहे आणि त्याला रक्त देणारी नळी वेगळी. बरेच पेशंट काठी घेऊन चालायला लागतात आणि हात मात्र मागेच राहतो, त्याचं एक कारण हेच.

आता सासऱ्यांना भुवया वर करायला सांगून बघा. तोंड वाकडं असूनही कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतील बहुतेक, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून कनेक्शन असतं. चेहऱ्याची नसच सुजली, ज्याला बेल्स पाल्सी म्हणतात, तर त्या बाजूचं कपाळही गुळगुळीत होतं आणि डोळा मिटत नाही. आणि विरुद्ध बाजूचा नियम सगळीकडे लागतो असंही नाही हं. मागे खाली जो लहान मेंदू असतो, तोल सांभाळणारा, त्याच्या उजव्या बाजूला इजा झाली की उजवाच हात थरथरतो, कारण त्याचा रस्ता दोनदा ओलांडून परत त्याच बाजूला येतो.

बोलण्याचं म्हणाल तर ते याच गुठळीमुळे. उजवा हात वापरणाऱ्या शंभरातल्या साधारण 95 लोकांची भाषा डाव्या बाजूला असते, डावखुऱ्यांमध्येही सत्तरेक टक्के. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडे लबॉर्न्य नावाचा पेशंट आला होता, काहीही विचारलं तरी तोंडातून फक्त 'तां, तां' यायचं, पण समोरच्याचं बरंचसं कळायचं. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला तर डावीकडे पुढच्या भागात नुकसान. तेव्हापासून त्या जागेला ब्रोकाचंच नाव आहे. पुढे 1874 मध्ये व्हेर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरने उलटा प्रकार सांगितला, जागा थोडी मागची, त्यात माणूस घडाघडा बोलतो पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं नीट समजत नाही.

तुमच्या वर्णनावरून सासरे पहिल्या प्रकारातले वाटतात (नक्की काय ते न्यूरोलॉजिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट तपासून सांगतील), पाणी मागताना चिडतात, खुणा करतात, नातवाला ओळखून हसतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे शब्द अडकलेत, माणूस जागेवर आहे. घरोघरी बघते मी, पेशंटच्या कॉटशेजारी बसून 'यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, आता काही कळत नाही यांना' अशी चर्चा चालते, जमिनीचे व्यवहार, दवाखान्याचं बिल, सगळं त्यांच्यासमोरच, आणि तो माणूस ऐकून रडतो तर म्हणतात बघा, उगाच रडतात. कृपा करून हे करू नका. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, एका वेळी एकच वाक्य, आणि थांबा, उत्तर यायला वेळ लागतो. आरती किंवा हरिपाठ सोबत म्हणून बघा, साधं 'पाणी' न येणारी माणसं पाठ असलेलं कडवं सलग म्हणतात, एक ते दहा आकडे म्हणतात, शिव्या तर स्पष्ट देतात, कारण घोकलेलं आणि रागाच्या भरात निघणारं बोलणं बरचसं वेगळ्या वाटेने येतं. सुरावर बोलायला शिकवायची थेरपी यावरच उभी आहे.

उजव्या मेंदूत झटका आला असता तर बोलणं बहुधा राहिलं असतं पण वेगळीच पंचाईत, काही पेशंटना डावी बाजू असते हेच भान राहत नाही, ताटातली उजवीकडची भाजी संपवतात आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच, नजर चांगली असून.

तंतू मुळात ओलांडतातच कशाला, हेही विचारलंय तुम्ही. एकमत नाही. काखाल नावाच्या स्पॅनिश मेंदू-शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की डोळ्याचं भिंग चित्र उलटं पाडतं तिथून सुरुवात झाली असावी. गंमत म्हणजे रोबो-3 नावाच्या जीनमध्ये बिघाड असलेल्या काही मोजक्या लोकांत हे तंतू ओलांडतच नाहीत, त्यांची नजर आडवी फिरत नाही, पाठीचा कणा वाकतो, पण हात-पाय चालतात!

एक राहिलं, कबुतराचं रक्त चोळायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. आणि उठवताना उजवा हात धरून ओढू नका, लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून खाली घसरतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच करू देत नाहीत. काखेतही हात घालू नका, पाठीमागून खांद्याच्या पात्याला आधार द्या, बसल्यावर तो हात उशीवर ठेवा, आणि पाणी पाजताना ठसका लागत असेल तर पाजणं थांबवून आधी डॉक्टरांना गिळण्याची तपासणी करायला सांगा.