एकोणसाठ, एकोणसत्तर आणि माझा चढलेला आवाज

सात वर्षांच्या मुलीला घरी शिकवू लागून चार महिने झाले, गणिताला बसले की अर्ध्या तासात आवाज चढतो आणि मग दिवसभर खंत वाटते, असे आपण लिहिले आहे. आमच्या मुलुंडच्या घरात ही घरशाळा सहा वर्षे चालू आहे आणि पहिले वर्ष माझेही असेच गेले.

एकदा मुलाने 'एकोणसाठ' ऐकून तिसऱ्यांदा ६९ लिहिले आणि मी पेन्सिल टेबलावर आपटली. तो काही बोलला नाही. खोडरबर घेऊन पान फाटेपर्यंत तो आकडा खोडत राहिला. रात्री लक्षात आले की त्याची चूक तर्काला धरूनच होती: साठ ऐकू आले की सहा आणि एकोण ऐकू आले की नऊ. 'एकोण' म्हणजे एकाने कमी, हे मी त्याला कधी सांगितलेच नव्हते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशा वाचनाची सोय आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्यामागची अडचण मला त्या फाटलेल्या पानाने समजावली.

माझा राग खरे तर त्या आकड्यावर नव्हताच. सकाळी खाली शाळेची बस थांबली की शेजारची मुले कितवा धडा करत असतील, हा हिशेब माझ्या डोक्यात सुरू होई. शाळेत न जाता परीक्षा देता येते अशा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला बसण्यासाठी किमान वय १४ वर्षे लागते. म्हणजे आपल्या मुलीच्या हाती अजून सात वर्षे आहेत.

संयम राखण्याचे निश्चय माझ्या बाबतीत आठवडाभरही टिकले नाहीत. उपयोग झाला तो हात गुंतवण्याचा. प्रश्न विचारला की मी मेथी निवडायला घेते. त्यामुळे त्याची पेन्सिल हिसकावता येत नाही आणि त्याला विचार करायला आपोआप वेळ मिळतो. कुकर लावलेला असताना गणित घेत नाही, आणि वीस मिनिटे झाली की उदाहरण अर्धवट असले तरी वही मिटते. (सुरुवातीला हे मला फार जड गेले.)

आवाज अजूनही चढतो, हल्ली अपूर्णांकांच्या वेळी. तेव्हा त्याची माफी मागते आणि आम्ही दोघे भाजी आणायला जातो. पाव किलो, अर्धा किलो तो भाजीवाल्याकडे न चुकता मागतो.