ग्रामपंचायतीला सौर ऊर्जा आणि वीजबचतीसाठी सरकारी पैसा मिळतो का? कुठून, आणि तो कसा मागायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गाव साडेतीन-चार हजार वस्तीचं, पथदिव्यांचं आणि नळपाणी योजनेचं वीजबिल थकलंय, तोडणीच्या नोटिसा येतायत. एका ठेकेदाराने सौर पथदिव्यांचं कोटेशन आणून दिलंय आणि ‘निधी आम्हीच मिळवून देतो’ म्हणतोय. तुम्ही नवीन सदस्य आहात आणि सही करण्याआधी विचारताय, हे फार बरं केलंत. मी वीज अभियंता आहे, कराडला राहते. ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था यांचा वीजवापर तपासून देणं हे माझं रोजचं काम आहे.

निधी मिळतो. तो एका ठिकाणी नाही, पाच-सहा ठिकाणी विखुरलेला आहे. पण कुठल्याही दारात जाण्याआधी ग्रामपंचायतीच्या नावावरची गेल्या बारा महिन्यांची सगळी वीजबिलं टेबलावर मांडा. सगळी म्हणजे कार्यालय, अंगणवाडी, पथदिव्यांचे प्रत्येक मीटर, जुन्या विहिरीवरचा, नव्या विहिरीवरचा. बहुतेक गावांत या ढिगात एखादं कनेक्शन असं निघतं की जिथली मोटर केव्हाच काढून नेली आहे, पण स्थिर आकार दरमहा लागतोच आहे. मीटर नादुरुस्त म्हणून वर्षानुवर्षं सरासरीने आकारलेलं बिल निघतं. पाणीपुरवठ्याच्या किंवा पथदिव्यांच्या कनेक्शनला चुकून व्यापारी दर लागलेला निघतो. हे दुरुस्त करायला निधी लागत नाही, महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज आणि पाठपुरावा लागतो.

आता दिव्यांकडे या. जुना ७० वॅटचा सोडियम दिवा चोकसकट ८५ वॅटच्या आसपास वीज खातो. त्याच्या जागी ३० वॅटचा चांगला एलईडी लावला तर दिव्यामागे ५५ वॅट वाचतात. असे शंभर दिवे रात्री अकरा तास चालतात असं धरलं तर रोजची ६० युनिट, महिन्याची १,८०० युनिट बचत होते. आपल्याकडे एक किलोवॅट सौर पॅनेल महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतं. म्हणजे तेवढीच वीज तयार करायला १५ किलोवॅटचा प्रकल्प हवा, किलोवॅटला पन्नासेक हजार धरले तरी साडेसात लाख रुपये. शंभर एलईडी दोन लाखांच्या आत बसतात. म्हणून मी प्रत्येक गावाला कळकळीने सांगते की आधी बचतीचा निधी मागा, पॅनेलचा नंतर. बचत झाल्यावर पॅनेलही निम्मीच लागतात.

तुमच्याकडे एलईडी आधीच बसले असतील तर दुपारी बारा वाजता गावातून एक फेरी मारा. पथदिव्यांना स्वतंत्र तार आणि स्विच नसला की दिवे थेट लाइनवर जोडलेले असतात आणि रात्रंदिवस जळतात. शंभर एलईडी दिवसाचे तेरा तास फुकट जळले तर महिन्याला अकराशे-बाराशे युनिट गेली. जिथे स्वतंत्र तार आहे तिथे टायमर नाहीतर फोटोसेल (उजेड-अंधार ओळखून दिवे बंद-चालू करणारं उपकरण) बसवला की काम झालं. तार नसेल तर ती ओढण्याचं अंदाजपत्रक महावितरणकडून घ्या आणि तेही निधीच्या मागणीत घाला.

खरा पैसा मात्र पंपघरात जातो, आणि तिथे कोणी बघत नाही. तुम्ही स्वतः जाऊन बघा. पॅनेलचं दार उघडलं की बऱ्याचदा कपॅसिटर (मोटर लाइनमधून जास्तीचा करंट ओढू नये म्हणून जोडलेला डबा) फुगलेला असतो किंवा त्याची तार काढून वर टेप गुंडाळलेली असते. मोटर तीन-चार वेळा रिवाइंड झालेली असते, आणि दर रिवाइंडिंगला तिची कार्यक्षमता थोडी घसरते. विहिरीतला फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गळत असेल तर पाणी सोडणारे काका रोज बादलीने पाणी ओतून पंप भरून घेतात, मग चालू करतात. त्यांना विचारा, त्या पंपाविषयी कुठल्याही सल्लागारापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

मग एक साधी चाचणी करा. टाकी ५०,००० लिटरची आहे आणि पाणी ४० मीटर उंच चढवायचंय असं समजू. एवढं पाणी एवढ्या उंचीवर न्यायला निव्वळ साडेपाच युनिट ऊर्जा लागते. पंप, मोटर आणि पाइपातलं घर्षण धरून बऱ्या अवस्थेतल्या योजनेत दहा-बारा युनिट लागावीत. टाकी भरायच्या आधी मीटरचं रीडिंग लिहा, भरल्यावर पुन्हा लिहा. पंचवीस युनिट गेली असतील तर अर्ध्याहून जास्त वीज विहीर आणि टाकीच्या मध्येच कुठेतरी संपतेय. अशा पंपाला सौर पॅनेल जोडणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीला मोठी चुंबळ करण्यासारखं आहे. योग्य क्षमतेचा, जास्त स्टार रेटिंगचा पंपसंच आणि गळक्या पाइपलाइनची दुरुस्ती हा तुमचा पहिला प्रस्ताव असायला हवा. त्याचा फोटो पेपरात येणार नाही, पण पाणीपट्टी परवडेल.

आता निधी. सगळ्यात जवळचा पैसा वित्त आयोगाचा, तो थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के निधी बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी. पंप, कपॅसिटर, गळती ही कामं पाण्याच्या बंधित निधीतून मांडता येतात, एलईडी आणि टायमर अबंधितमधून. सोळाव्या आयोगाच्या अटी पंचायत समितीत विचारून घ्या. अट कुठलीही असो, काम ग्रामसभेने मंजूर केलेल्या विकास आराखड्यात असलं पाहिजे आणि ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढलेलं असलं पाहिजे. आराखड्यात नसेल तर पैसा खात्यात असूनही खर्च करता येत नाही, हे दरवर्षी कुठे ना कुठे घडतं. २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने पथदिव्यांची थकीत बिलं याच आयोगाच्या निधीतून भरायला सांगितली तेव्हा राज्यभरातल्या सरपंचांनी विरोध केला होता. त्यांचा राग मला पटतो. विकासाचा पैसा बिलात गेला की पुढच्या वर्षी तेच बिल पुन्हा उभं राहतं. तोच पैसा बिल कमी करण्यात घातला तर निदान पुढची वर्षं सुटतात.

दुसरं दार जिल्हा नियोजन समितीचं. पालकमंत्री अध्यक्ष असतात, आणि शाळा, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत कार्यालय यांच्या छतावरच्या सौर प्रकल्पांना इथून पैसा मिळवलेली गावं बरीच आहेत. प्रस्तावासोबत वीजबिलं, छताचं मोजमाप आणि तांत्रिक अंदाजपत्रक लागतं, त्यासाठी महाऊर्जाच्या, म्हणजे राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेच्या, विभागीय कार्यालयाशी बोला. दिवाळीच्या आधी प्रस्ताव आत गेला तर त्याला अर्थ आहे. मार्चएंडच्या घाईत मंजूर झालेली कामं नुसती उरकली जातात. आमदार आणि खासदार निधी आहेतच, दोन्ही वर्षाला पाच कोटींचे, पण तिथे मागणारे खूप. ठोस आकडे घेऊन गेलात तर तुमचं पत्र वर राहील.

ज्या योजनेची जाहिरात सगळ्यात जास्त दिसते ती पीएम सूर्यघर, घरांच्या छतावर सौर पॅनेल बसवण्याची केंद्राची योजना. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, देशभरातल्या एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटींची तरतूद आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि जास्तीत जास्त ७८,००० रुपये. हे अनुदान घरगुती ग्राहकाला आहे. ग्रामपंचायत कार्यालयावर ७८,००० मिळतील असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पण यात ग्रामपंचायतीसाठी एक गोष्ट आहे आणि ती फार कमी सरपंचांना माहीत असते: गावात बसलेल्या प्रत्येक घरगुती प्रकल्पामागे स्थानिक स्वराज्य संस्थेला १,००० रुपये प्रोत्साहनपर मिळतात. दोनशे घरांवर बसले तर दोन लाख. ग्रामपंचायतीने दोन दिवसांचं शिबिर घेऊन लोकांचे अर्ज भरून दिले तर लोकांचं बिलही उतरतं आणि गावाच्या तिजोरीतही भर पडते. याच योजनेत जिल्ह्यातल्या एका आदर्श सौर गावाला एक कोटी रुपये आहेत, पण ती स्पर्धा आपल्या राज्यात पाच हजारांवर लोकसंख्या असलेल्या गावांसाठी आहे. तुमचं गाव त्यात बसत नाही, त्यामुळे तिकडे शक्ती घालवू नका.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेबद्दलही तुम्हाला कोणीतरी सांगेल. शेतीचे फीडर, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिन्या, दिवसा चालवण्यासाठी गावाजवळ सौर प्रकल्प उभारायचे, अशी ती योजना. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ, आणि प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे तिला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षं. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येणं ही मोठी गोष्ट आहे, रात्री साप-विंचवात दारं मोडायला जाणाऱ्यालाच ती कळते. पण जागा म्हणून गायरान सुचवलं गेलं तर मेंढपाळांना आणि गुरं राखणाऱ्या घरांना ग्रामसभेत समोर बसवून विचारल्याशिवाय ठराव करू नका. त्यांचा चारा गेला तर पंधरा लाखांनी तो भरून येत नाही.

आता तुमच्या हातातल्या कोटेशनबद्दल, म्हणजे खांबावरच्या सौर दिव्यांबद्दल. जिथे वीज पोचली आहे अशा गल्लीत ते बसवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक खांबावर वेगळी बॅटरी असते, ती काही वर्षांत दम तोडते, कधी चोरीला जाते, आणि तिच्यासाठी पुन्हा निधी कोणी देत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात फिरा, असे बंद पडलेले खांब दिसतील. लांबची वस्ती, स्मशानभूमी, पाणवठा, जिथे तार नेणं महाग आहे तिथे हे दिवे योग्य. गावठाणात मात्र साधे एलईडी लावा आणि पॅनेल शाळेच्या किंवा कार्यालयाच्या छतावर नेट मीटरिंगने बसवा. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज महावितरणकडे जमा होते, बिलातून वजा होते, आणि बॅटरीची कटकटच राहत नाही. शाळेला मे महिन्यात सुट्टी असली तरी त्या वेळची युनिट पुढच्या महिन्यांत वापरता येतात. हिशेब मार्चअखेर मिटवला जातो, म्हणून प्रकल्प वर्षभराच्या वापराएवढाच ठेवा. आणखी एक, कोटेशनची तारीख बघा. सौर उपकरणांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने आकारलेलं कोटेशन परत करा.

छोट्या गावाला हे जमतं का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या शेजारच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी जाऊन बघा. शंभरेक घरांचं गाव, २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. आणि लांबचं उदाहरण हवं तर तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यातलं ओडंथुराई. त्या पंचायतीने आधी पाणीपुरवठ्याच्या पंपासाठी बायोमास गॅसिफायर बसवला, खर्च कमी केला, पैसा साठवला, आणि २००६ मध्ये स्वतःचे सुमारे चाळीस लाख आणि उरलेलं बँकेचं कर्ज घालून ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. गावाला पुरून उरलेली वीज मंडळाला विकून कर्ज फेडलं. त्यांनी पाण्याच्या खर्चापासून सुरुवात केली होती, हे मला त्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शेवटचा विषय देखभालीचा, कारण निधी देणारं प्रत्येक खातं उभारणीला पैसे देतं आणि देखभालीला हात आखडतं. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, पॅनेलची वीज वापरण्याजोगी करून देणारा इन्व्हर्टर मात्र साधारण दहा वर्षांत बदलावा लागतो. उन्हाळ्यात धूळ बसली की वीज घटते, महिन्यातून दोनदा पॅनेल धुवावी लागतात. निविदेतच पाच वर्षांची सर्वंकष देखभाल घाला आणि ती पूर्ण होईपर्यंत ठेकेदाराची काही अनामत राखून ठेवा. धुण्याचं काम कोणाकडे, त्याला मानधन किती, हे आधीच ठरवा. गावातल्या बचत गटाला दिलं तर चांगलं होतं, असा माझा अनुभव आहे.

येत्या ग्रामसभेत तीन वेगळे ठराव घ्या, एकत्र नको, कारण निधी वेगवेगळ्या खात्यांतून येणार आहे. पहिला, पंपसंच बदलणं आणि गळती काढणं, वित्त आयोगाच्या बंधित निधीतून. दुसरा, एलईडी, स्वतंत्र तार आणि टायमर, अबंधित निधीतून. तिसरा, शाळेच्या छतावर नेट मीटरिंगसह सौर प्रकल्प, जिल्हा नियोजन समितीकडे मागणी. तिसऱ्या ठरावात प्रकल्पाची क्षमता आत्ता लिहू नका. ‘पहिली दोन कामं पूर्ण झाल्यावरच्या सहा महिन्यांच्या वीजवापरावरून क्षमता ठरवली जाईल’ असं लिहा. तिन्ही ठरावांत ‘वीजबचतीतून वाचलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम देखभालीसाठी स्वतंत्र खात्यात ठेवण्यात येईल’ हे वाक्यही घाला, आणि इतिवृत्तावर सह्या त्याच दिवशी घ्या.