अनुराधा नक्षत्राला मुदतवाढ नसते

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मध्यरात्रीनंतर आला, म्हणजे तेव्हाही तू ऑफिसातच होतीस. आई गौरीला ये म्हणते, टेबलावर ऑडिटच्या फाइली, ‘मॅडम, दोन्ही कसं जमवू?’ आणि वर वेळेच्या नियोजनाचं एखादं चांगलं अ‍ॅप विचारलंयस. अ‍ॅप नको. भिंतीवरचं कालनिर्णय काढ आणि घराची तारीख आधी लिही. कामाची मागून.

आपला सी.ए. लोकांचा महिना कसा जातो ते तुला सांगायला नको. सातला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरा, अकराला जीएसटीचं जीएसटीआर-वन, वीसला जीएसटीचंच थ्री-बी, की आलीच परत सात. यातली प्रत्येक तारीख दंड घेऊन बसलेली. थ्री-बी राहिलं तर दिवसाला 50 रुपये, इन्कम टॅक्स रिटर्नला उशीर झाला तर 5,000 पर्यंत. आईला फोन केला नाही तर लेट फी लागत नाही, म्हणून तो रोज उद्यावर जातो. कुठे लिहिलेलाच नसतो ना! म्हणून म्हणते, आधी लिही.

आणि ज्या तारखांसाठी आपण जीव काढतो, त्यांचं काय होतं? 2025 आठव. 31 जुलैचं रिटर्न 15 सप्टेंबरवर गेलं, त्या रात्री उशिरा आणखी एक दिवस मिळाला. ऑडिट रिपोर्टची 30 सप्टेंबर आधी 31 ऑक्टोबर झाली, मग 10 नोव्हेंबर. त्या वर्षी गौरी 31 ऑगस्टला आल्या, पुरणपोळी जेवल्या, 2 सप्टेंबरला गेल्या. गौरी येतात अनुराधा नक्षत्रावर, आणि अनुराधा नक्षत्राला मुदतवाढ नसते, बाई. (मुदतवाढीच्या भरवशावर फाइली टाकून ठेव, असं मी म्हणत नाहीये. तसं केलंस तर माझं नाव सांगू नकोस.)

तू म्हणशील, मॅडमना काय, त्यांची प्रॅक्टिस बसलेली. बसली नव्हती तेव्हाच सुरू केलं हे. एका सीझनला सारखी तहान लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. रक्त दिलं ऑक्टोबरात, रिपोर्ट आणायला गेले डिसेंबरात! पाकीट लॅबवाल्याच्या खणात तसंच पडलेलं. साखर तीनशेच्या वर. तेव्हापासून साडेसातला कुलूप म्हणजे कुलूप. रात्री फोन उचलत नाही म्हणून एका बिल्डरने सगळ्या फाइली उचलून नेल्या. फी चांगली होती त्याची, ओढाताण झाली. लोक म्हणतात, बाईंनी फर्म वाढवली नाही. नाही वाढवली. अजूनही त्याच्या साइटवरून जाताना मनात आकडेमोड होते, खोटं कशाला बोलू? पण आज पुन्हा आला तरी साडेसातनंतर नाहीच उचलणार.

आपल्या सी.ए. संस्थेनेसुद्धा (आयसीएआय) एका सी.ए.ला वर्षाला 60 टॅक्स ऑडिटची मर्यादा घातली आहेच ना? तुझी मर्यादा तू त्याच्या कितीतरी अलीकडे आख. आणि नाही म्हणायचं ते जुलैत. सप्टेंबरात तोंड उघडत नाही आपलं. शेवटच्या आठवड्यात पिशवीभर बिलं आणून ओतणाऱ्याला आत्ताच सांग, 15 ऑगस्टपर्यंत टॅलीत हिशेब पूर्ण पाहिजे, नाहीतर दुसरीकडे बघा. एखाददुसरा जाईल. जाऊ दे.

गावी जाऊन लॅपटॉप उघडणार असशील तर मात्र जाऊच नकोस. आत भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतायत आणि ही ओटीपीसाठी गच्चीत रेंज शोधतेय, आलेल्या-गेलेल्याला ‘कामात आहे हो ती’ म्हणून आईच सांगतेय! असलं येणं कुणाला हवंय?

तेव्हा गौरीचे ते तीन दिवस आजच लाल पेनने लिही आणि क्लायंटच्या ग्रुपवर टाकून मोकळी हो. तुझी सही लागेल तेवढ्या फाइली आधी उरक. डीएससी, म्हणजे तुझी डिजिटल सही, आर्टिकलच्या (शिकाऊ मुलाच्या) हातात देऊन जाऊ नकोस, कितीही विश्वासू असला तरी. अगदीच काही अडलं तर माझ्या ऑफिसात फोन कर, मुलं बघतील. मला करू नकोस, माझ्याकडेही गौरी असतात.